कर्जतला बँकर का लागतो? भोर घाटातल्या एका गाडीवरून गतीचे नियम

मुंबईहून पुण्याकडे निघालेली एक्सप्रेस गाडी कर्जतला थांबते. फलाटावर वडेवाल्यांची धावपळ सुरू असते, तेवढ्यात मागून एक हलका धक्का बसतो. शेवटच्या डब्याला दोन इंजिनं येऊन लागलेली असतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. डबे एकमेकांना जोडणारा कपलर अडकतो, ब्रेकचा पाइप जोडला जातो, सिग्नल मिळतो आणि गाडी घाट चढायला लागते. पुढचं इंजिन ओढतं, मागची दोन ढकलतात. लोणावळ्याला बँकर सुटतात आणि गाडी पुन्हा एकाच इंजिनावर पुण्याकडे पळते.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा आहे. तो शिकवताना टेबलावरची पुस्तकं, कॅरमची सोंगटी, फुगा आणि अग्निबाण ही उदाहरणं येतातच, आणि ती चांगलीही आहेत. पण प्रत्येक उदाहरणात एकच नियम सुटा करून दाखवलेला असतो. मुलं तिन्ही नियम पाठ म्हणतात आणि खरीखुरी गाडी समोर आली की गोंधळतात. म्हणून मी ही एकच गाडी घेऊन बसतो. कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटरचं अंतर. या एवढ्या प्रवासात तिन्ही नियम एकाच वेळी कामाला लागलेले असतात आणि एकाला सोडून दुसरा कळत नाही.

प्रश्न साधा आहे. मुंबईपासून कर्जतपर्यंत एका इंजिनाने हीच गाडी ताशी शंभरच्या वेगाने आणली. मग पुढे आणखी दोन इंजिनं कशाला लागतात? वर्गात विचारलं की उत्तर लगेच येतं: चढावर इंजिनाची ताकद कमी पडते. हे उत्तर जवळजवळ बरोबर वाटतं. ते नेमकं कुठे चुकतं, हे शोधण्यातच या अभ्यासाचं सार आहे.

घाट आणि गाडी

भोर घाटाची चढण जिथे सर्वांत तीव्र आहे, तिथे ती ३७ला १ आहे. रुळावर ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर येते. कोनात मोजलं तर हा दीड अंशापेक्षा जेमतेम जास्त. रस्त्यावरच्या वाहनाला एवढा चढ जाणवणारही नाही, रेल्वेला तो भारी पडतो. सगळे २८ किलोमीटर असेच नाहीत, काही भाग सौम्यही आहेत. एकूण चढ साडेपाचशे मीटरांच्या वर जातो.

हा चढ १८६३ साली ठरून गेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला हा मार्ग त्या वर्षी सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुढे चालवलं. वाफेच्या इंजिनांच्या काळात घाटात एक उलटफेऱ्याचं स्टेशन होतं. गाडी तिथे आत जायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत वीज आली, त्याच सुमारास मार्गाची आखणी बदलली आणि ते स्टेशन बंद झालं. वाफेची इंजिनं गेली, ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिनं आली, तीही गेली. डीसी वीज जाऊन एसी आली. ३७ला १ मात्र तसाच राहिला. दीडशे वर्षांपूर्वी डोंगरावर आखलेली ती रेघ आजच्या प्रत्येक गाडीकडून बलाचा हिशेब मागते.

हिशेबासाठी एक गाडी धरू. २४ डबे, माणसं-सामानासकट प्रत्येक डबा ५० टनांचा, म्हणजे १२०० टन. पुढे डब्ल्यूएपी-७ जातीचं इंजिन, वजन १२३ टन. मुंबई-पुणे मार्गावर हे इंजिन रोज दिसतं. एकूण १३२३ टन. डब्यांचं वजन मी सोयीसाठी गोल धरलं आहे. खरी गाडी थोडी हलकी-जड असेल, पण निष्कर्ष बदलत नाही.

सपाटीवर जवळजवळ काहीच लागत नाही

नेरळ सोडल्यावर गाडी एका वेगाने पळत असते तेव्हा तिच्यावर एकूण बल किती? बहुतेक मुलं म्हणतात, ‘खूप’. उत्तर आहे, शून्य. वेग बदलत नाही, म्हणजे त्वरण नाही, म्हणजे असंतुलित बल नाही. न्यूटनने १६८७ साली मांडलेला पहिला नियम एवढंच सांगतो. इंजिन जे बल लावतं ते फक्त विरोधाची बरोबरी करण्यापुरतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर लोळतं तेव्हा हा विरोध फार कमी असतो, कमी वेगात टनामागे वीस-बावीस न्यूटन. आपल्या १३२३ टनांच्या गाडीला साधारण ३० किलोन्यूटन पुरतात. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो, तो वेगळा. रेल्वेचं सगळं अर्थशास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे: एकदा गती दिली की ती टिकवायला फार कमी लागतं.

आता गाडी ३७ला १च्या चढावर घ्या. तिच्या वजनाचा ३७वा भाग तिला मागे खेचू लागतो. १३२३ टनांचं वजन सुमारे १२,९६५ किलोन्यूटन, त्याचा ३७वा भाग ३५०. त्यात आधीचे ३० मिळवा. म्हणजे ३८० किलोन्यूटन.

जिथे ३० लागत होते तिथे आता ३८० लागतात, आणि तेही वेग वाढवायला नाही, तर आहे तोच टिकवायला. घाटात गाडी ताशी ४०च्या एकसारख्या वेगाने चढत असेल तर तिच्यावरचं एकूण बल तिथेही शून्यच आहे. इथे वर्गात हमखास वाद होतो. ‘सर, वर चढतेय म्हणजे वरच्या दिशेचं बल जास्त असणारच ना?’ हा समज सहजासहजी सुटत नाही, कारण तो आपल्या अंगात भिनलेला आहे. जिना चढताना आपल्याला श्रम जाणवतात आणि त्या श्रमांना आपण ‘जास्तीचं बल’ समजतो. प्रत्यक्षात वरच्या दिशेचं बल जास्त झालं तर वेग वाढेल, कमी झालं तर घटेल. वेग तोच राहिला तर दोन्ही बाजू समान. चढ असो वा सपाटी, पहिल्या नियमाला त्याने फरक पडत नाही.

ताकद आहे, पकड नाही

आता मुलांच्या उत्तराकडे येऊ. इंजिनाची ताकद खरंच कमी पडते का?

डब्ल्यूएपी-७ची शक्ती सहा हजार अश्वशक्तीहून जास्त, म्हणजे साधारण साडेचार मेगावॅट. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. ३८० किलोन्यूटन बल या वेगाने लावायचं तर लागणारी शक्ती ३८० गुणिले ११.१, म्हणजे ४.२ मेगावॅट. इंजिनाकडे आहे साडेचार. पुरतंय की! नुसत्या शक्तीकडे पाहिलं तर एकटं इंजिन ही गाडी घाट चढवून नेऊ शकेल असंच दिसतं.

मग अडतं कुठे? इंजिन गाडीला पुढे नेतं कसं, हे नीट पाहिल्याशिवाय ते कळत नाही. मोटर चाकाला फिरवते. चाकाचा रुळाला टेकलेला भाग रुळाला मागे ढकलतो. तिसऱ्या नियमाप्रमाणे रूळ चाकाला तेवढ्याच बलाने पुढे ढकलतो. गाडी पुढे जाते ती रुळाने दिलेल्या या ढकलण्यामुळे. मोटर कितीही जोरदार असली तरी ती गाडीच्या आतच बसलेली आहे. आतल्या आत कितीही जोर लावला तरी गाडी हलणार नाही, बाहेरून कोणीतरी ढकलावं लागतं. ढकलणारा तो बाहेरचा म्हणजे रूळ.

रूळ किती जोराने ढकलू शकतो, यालाही मर्यादा आहे. हे बल घर्षणाचं आहे आणि चाक रुळावर किती भाराने दाबलं गेलं आहे यावर ते अवलंबून असतं. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ जिथे टेकतात ती जागा एका चाकाखाली एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते. इंजिनाच्या बारा चाकांची मिळून ही जागा माझ्या तळहाताहून लहान भरेल. कोरड्या, स्वच्छ रुळावर भाराच्या चौथ्या हिश्श्याएवढी पकड धरायला हरकत नाही. १२३ टनांच्या इंजिनाचं वजन १२०५ किलोन्यूटन, त्याचा चौथा हिस्सा ३०१. हवे आहेत ३८०. इथेच हिशेब बसत नाही.

आणि हा झाला उन्हाळ्यातला कोरडा रूळ. आषाढात घाटात धो धो पाऊस असतो, रुळावर चिखलपाण्याचा पातळ थर असतो. पकड भाराच्या ०.१५पटीवर आली तर इंजिनाला मिळणार फक्त १८० किलोन्यूटन. मोटरला आणखी वीज दिली तर चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागतात. एकदा चाक घसरलं की पकड आणखी घटते, कारण सरकणाऱ्या पृष्ठभागांमधलं घर्षण स्थिर पृष्ठभागांमधल्या घर्षणापेक्षा कमी असतं. म्हणून लोको पायलट चाकं घसरताच जोर वाढवत नाही, कमी करतो, आणि चाकांपुढे वाळू सोडतो. प्रत्येक इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात त्या यासाठीच. अत्याधुनिक इंजिनालाही नदीतल्या वाळूसारखी साधी गोष्ट लागते, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. घर्षण म्हणजे कायम अडथळा, हा समज तिथेच ढिला होतो. या गाडीला पुढे नेणारं बल घर्षणाचंच आहे.

म्हणजे बँकर लावतात ते मुख्यतः पकडीसाठी. आणखी २४ चाकं, आणि त्यांच्यावर २४६ टनांचा भार. बँकर म्हणून मालगाडीची जड इंजिनं वापरतात. तीही प्रत्येकी १२३ टनांची धरू.

दोन बँकर लागल्यावर गाडी १५६९ टनांची झाली. तिला चढावर एकसारख्या वेगाने नेण्यासाठी आता सुमारे ४५० किलोन्यूटन लागतील. बँकरचं स्वतःचं वजनही वर न्यावं लागतं, ते विसरून चालत नाही. तीन इंजिनांची पकड कोरड्या रुळावर ९०३ किलोन्यूटन, ओल्या रुळावर ५४२. दोन्ही ४५०च्या वर. एकच बँकर लावला असता तर? लागतात ४१५; कोरड्यावर मिळतात ६०२, ओल्यावर फक्त ३६१. उन्हाळ्यात निभावलं असतं, पावसात गाडी घाटात अडकली असती. दोनच का, याचं उत्तर असं पावसाळ्यात दडलेलं आहे. खऱ्या गाडीला किती बँकर लावायचे हे तिच्या वजनावर ठरतं आणि त्यात सुरक्षेचे इतर विचारही असतात, पण हिशेबाचा गाभा हाच.

तिसऱ्या नियमाची दुसरी बाजूही इथे डोळ्यांना दिसते. रूळ गाडीला वर ढकलतो, तर गाडी रुळाला खाली ढकलते. हजारो गाड्यांनी वर्षानुवर्षं खाली ढकललेले रूळ चढावर हळूहळू खाली सरकू पाहतात. त्यांना धरून ठेवायला स्लीपरपाशी अँकर आणि क्लिपा असतात आणि ट्रॅकमन त्या तपासत फिरतात. पुस्तकात प्रतिक्रिया बल म्हणजे एक बाण असतो. घाटात त्याच्यासाठी माणसं कामाला लावावी लागतात.

आठवा आणि नववा डबा

चाणाक्ष विद्यार्थी इथे एक प्रश्न विचारतो, आणि तो विचारला गेला की मला फार आनंद होतो: इंजिन डब्यांना जेवढ्या बलाने पुढे ओढतं, तेवढ्याच बलाने डबे इंजिनाला मागे ओढतात. मग बलं एकमेकांना खोडून टाकणार. गाडी हलते कशी?

याचं उत्तर तोंडी देण्यापेक्षा कपलरमधलं बल मोजून दाखवावं. क्रिया आणि प्रतिक्रिया कधीच एका वस्तूवर नसतात. म्हणून एकेक वस्तू वेगळी काढायची आणि फक्त तिच्यावरची बलं मांडायची.

गाडी एकसारख्या वेगाने चढते आहे आणि तिन्ही इंजिनं ४५० किलोन्यूटनचा भार सारखा वाटून घेत आहेत, असं धरू. प्रत्येकी १५०. आता पुढचं इंजिन वेगळं काढा. रूळ त्याला १५०ने पुढे ढकलतो. त्याचं स्वतःचं वजन आणि विरोध मिळून ३५ने मागे खेचतात. वेग बदलत नाही, म्हणून उरलेले ११५ किलोन्यूटन मागे खेचणारे हवेतच. ते पहिला डबा खेचतो. आता पहिला डबा वेगळा काढा. इंजिन त्याला ११५ने पुढे ओढतं. उतार आणि विरोध मिळून त्याला साधारण १४.४ने मागे खेचतात. म्हणजे दुसरा डबा त्याला १००.६ने मागे ओढत असणार. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये ८६.२. असं १४.४ने कमी होत जाता जाता आठव्या डब्याच्या मागे काय उरतं? ११५ उणे आठ गुणिले १४.४. शून्य.

आठव्या आणि नवव्या डब्यांमधला कपलर ना ओढला जातोय, ना दाबला जातोय. तिथून मागचे सोळा डबे बँकर ढकलतात. मागून मोजून पाहा: दोन बँकर ३०० देतात, त्यातले ७० स्वतःला वर न्यायला जातात, उरतात २३०, सोळा गुणिले १४.४ म्हणजे २३०. दोन्ही बाजूंनी हिशेब एकाच जागी येऊन मिळतो.

मला हा हिशेब फार सुंदर वाटतो. एकच गाडी, पण तिचे पुढचे आठ डबे ओढले जाताहेत आणि मागचे सोळा ढकलले जाताहेत. नवव्या डब्यात बसलेल्या माणसाला याचा पत्ताही नसतो. लोको पायलटने जोर थोडा कमी-जास्त केला की ही शून्याची जागा गाडीत पुढे-मागे सरकते. फळ्यावर हे मांडलं की ‘बलं एकमेकांना खोडतात’ हा प्रश्न आपोआप विरघळतो. पहिल्या डब्यावरची बलं एकमेकांना खोडतात ती तो एकसारख्या वेगाने चालला आहे म्हणून. तिसऱ्या नियमाच्या जोड्यांनी ती कधीच खोडली जात नाहीत, कारण त्या जोडीतलं एक बल डब्यावर असतं, दुसरं इंजिनावर.

यातून हेही कळतं की तिन्ही इंजिनं पुढेच का लावत नाहीत. तसं केलं तर पहिल्या डब्याच्या कपलरवर एकसारख्या वेगातही ३४५ किलोन्यूटनचा ताण येईल. घाटात थांबलेली गाडी तिघांनी पूर्ण जोराने उचलायची ठरवली तर तो सातशेच्या जवळ जाईल. कपलर तुटला तर मागचे डबे उतारावर मोकळे. बँकर मागे असला की ताण वाटला जातो आणि कपलर तुटलाच तरी मागचे डबे घरंगळायला जागाच उरत नाही. सगळी इंजिनं मागेच लावणंही बरं नव्हे, कारण वळणावर नुसतं ढकलत नेलं तर डबे बाहेरच्या बाजूला रेटले जातात, आणि भोर घाट म्हणजे वळणंच वळणं.

सिग्नलला थांबून पुन्हा निघताना

दुसऱ्या नियमाची खरी परीक्षा गाडी चढावर थांबली की होते. ब्रेक सोडून ती पुन्हा उचलायची आहे. कोरड्या रुळावर तिन्ही इंजिनांची पकड ९०३, त्यातले ४५० तर गाडी मागे जाऊ नये म्हणूनच गेले. असंतुलित बल उरलं ४५३ किलोन्यूटन. १५६९ टनांनी भागलं की त्वरण ०.२९ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी २०चा वेग यायला वीसएक सेकंद. ओल्या रुळावर ५४२मधून ४५० गेले, उरले ९२. त्वरण ०.०५९. तेवढाच वेग यायला दीड मिनिटाच्या वर.

पकड सुमारे ४० टक्क्यांनी घटली, पण त्वरण पाचपटीने घटलं. बल आणि त्वरण समप्रमाणात, हे सूत्र मुलांना येतं. ते असंतुलित बलाबद्दल आहे, हे मात्र सूत्र पाठ करताना सुटून जातं. पावसात घाटात उभी राहिलेली गाडी निघायला एवढी कुंथते का, ते या वजाबाकीत आहे.

प्रवासात करून पाहण्याजोगा एक प्रयोग मी मुलांना देतो. वरच्या बर्थला ६० सेंटिमीटरचा दोरा बांधायचा, खाली किल्ली लटकवायची. सपाटीवर किल्ली कुठे येते तिथे खडूची खूण करायची. घाटात एकसारख्या वेगाने चढताना ती खुणेच्या मागे सरकते, सर्वांत तीव्र चढावर सुमारे दीड सेंटिमीटर. सपाटीवर गाडीचं त्वरण ०.२६ असतं तरी किल्ली नेमकी तेवढीच मागे गेली असती. खिडक्या बंद असतील तर चढ आहे की वेग वाढतोय, हे नुसत्या दोऱ्यावरून सांगता येत नाही. यातून पुढे कुठवर जाता येतं ते अकरावी-बारावीत बघू, असं सांगून मी थांबतो.

उतरताना

पुण्याहून मुंबईकडे येताना प्रश्न उलटा होतो. आता वजनाचा ३७वा भाग गाडीला पुढे खेचतो आहे. ब्रेक अजिबात नसते तर विरोध वजा जाता त्वरण ०.२४च्या आसपास आलं असतं. उभी गाडी एका मिनिटात ताशी ५०च्या वर आणि दोन मिनिटांत ताशी शंभरच्या वर गेली असती. या हिशेबात वस्तुमान उरतच नाही, ते दोन्ही बाजूंनी उडून जातं. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी सारख्याच त्वरणाने सुटतील. उताराच्या फळीवर गोळे सोडून गॅलिलिओने हेच पाहिलं होतं. फरक पडतो तो ब्रेकना. भरलेली गाडी थांबवायला जास्त ऊर्जा शोषावी लागते. आपल्या १३२३ टनांच्या गाडीची साडेपाचशे मीटर उंचीची ऊर्जा विजेच्या भाषेत दोन हजार युनिट भरते. नवी इंजिनं त्यातला काही भाग मोटरींना जनरेटर बनवून तारेत परत पाठवतात, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

थांबण्याचं अंतरही बदलतं. सपाटीवर ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं मंदन देणारे ब्रेक ताशी ६०वरची गाडी सुमारे २८० मीटरात थांबवतील. तेच ब्रेक या उतारावर जवळजवळ ६०० मीटर घेतील, कारण त्यातलं ०.२६ गुरुत्व आधीच खाऊन बसलं आहे. म्हणूनच घाट उतरताना वेगावर कडक बंधन असतं आणि ब्रेक ताब्यात आहेत हे दाखवायला गाडीला वाटेत थांबे घ्यावे लागतात. घाटात कॅच सायडिंग असतात, मुख्य मार्गाला फुटून वर चढत जाणारे आंधळे रूळ. ताबा सुटलेली गाडी तिकडे वळते आणि जे गुरुत्व तिला पळवत होतं तेच तिला थांबवतं.

बँकरशिवाय

१० फेब्रुवारी २०२३पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत हाच घाट बँकरशिवाय चढते. ती जास्त ताकदवान आहे म्हणून चढते, असं सर्रास म्हटलं जातं. खरं कारण तिच्या चाकांत आहे. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत, म्हणजे गाडीचं निम्मं वजन ढकलणाऱ्या चाकांवर पडतं. या चढावर तिला लागणारी पकड भाराच्या सहा टक्क्यांएवढीच. आपल्या एकट्या इंजिनाला ती ३२ टक्के लागत होती, दोन बँकर लावल्यावर साडेबारा. सहा टक्के पकड धो धो पावसातही मिळते. कसारा घाटातून जाणाऱ्या मुंबई-निजामुद्दीन राजधानीला २०१९मध्ये दोन्ही टोकांना एकेक इंजिन लावून बँकरचा थांबा वाचवला, तोही याच वाटेवरचा उपाय. बँकर घाटापुरता जोडण्याऐवजी कायमचाच सोबत घेतला.

दुसरा मार्ग म्हणजे चढच कमी करणं. ३७ला १ऐवजी १००ला १ असता तर आपल्या गाडीला १६० किलोन्यूटन पुरले असते आणि एकटं इंजिन ओल्या रुळावरही वर गेलं असतं. पण तेवढीच उंची गाठायला मार्ग पंचावन्न किलोमीटरचा झाला असता, सह्याद्रीच्या कड्यात तेवढे जास्त बोगदे खणावे लागले असते. १८६३ साली ते शक्य नव्हतं.

मालगाडीचं गणित मात्र अजून जुन्याच जागी आहे, कारण वाघिणींना मोटरी नसतात. ८० टनांच्या एका भरलेल्या वाघिणीला या चढावर २३ किलोन्यूटन लागतात. इंजिनाचं स्वतःचं वजन वर न्यायचे ३५ बाजूला काढले तर एकट्या इंजिनामागे कोरड्या रुळावर अकरा वाघिणी चढतील. पावसात सहाच.